साडीला डाग, मजुरीला कात्री

तामिळनाडूतील कुंभकोणम हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तंजावरात १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठी सत्ता नांदली. त्या काळात कावेरीकाठी स्थिरावलेली मराठी घराणी कुंभकोणमातही होती. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावात. परंतु आज आम्हाला लिहायचे आहे ते राजघराण्यांविषयी किंवा तिथल्या देवळांविषयी नव्हे. कुंभकोणम आणि त्याला लागून असलेल्या तिरुभुवनम, दारासुरम या गावांत रेशमी साडी विणणाऱ्या हातमाग कामगाराविषयी, आणि त्याची साडी ज्या टेबलावर तपासली जाते त्या टेबलाविषयी लिहायचे आहे. त्या टेबलावर कापडाची प्रत ठरते आणि त्याच क्षणी विणकराची मजुरीही ठरते. पहिली गोष्ट सगळे मान्य करतात. दुसरी लेखी मान्य करायला कोणी तयार नसतो. सारा अन्याय या फटीतून आत शिरतो.

या भागातले बरेचसे विणकर सौराष्ट्र समाजाचे आहेत. काही शतकांपूर्वी त्यांचे पूर्वज गुजरातकडून दक्षिणेत उतरले. घरात ते बोलतात ती सौराष्ट्री भाषा मराठी माणसाने कान देऊन ऐकली तर अनेक शब्द ओळखीचे वाटतात. तिरुभुवनमच्या रेशमी साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाने दुसरीकडची साडी विकणे बेकायदा ठरले. विणकरांची मोठी सहकारी सोसायटी तिथे १९५५ पासून आहे, आणि तिच्या बाहेर खाजगी मास्टर विणकरांचा व्यापारही आहे. पद्धत सर्वसाधारणपणे एकच. रेशीम आणि जर तोलून विणकराच्या हाती द्यायची, नक्षी ठरवून द्यायची, आणि तयार साडी परत तोलून, पाहून घ्यायची. मजुरी साडीमागे. माग विणकराच्या घरात, जागा त्याची, दिवा त्याचा. कांड्या भरणारी बायको आणि मुलगी, ताणा जोडायला मदत करणारा भाऊ, या कोणाचे नाव हिशेबात नसते. एका साडीमागे कित्येक दिवसांचे असे कुटुंबाचे श्रम असतात. साडी टेबलावर पसरली की त्या साऱ्या दिवसांचा निकाल काही मिनिटांत लागतो.

आता निकाल कशाचा लागतो ते पाहू. साडीत दोष नसतात असे आम्ही म्हणत नाही. उभा धागा तुटून तसाच राहतो, धोटा फेकताना आडवा धागा चुकतो, काठ ओढला जातो, बुट्टी जागा सोडते. हे दोष विणकराच्या हातचे आहेत आणि चांगला विणकर ते स्वतःच आधी दाखवतो. परंतु टेबलावर जे दोष म्हणून नोंदले जातात त्यांतले कितीतरी मागावर जन्मलेलेच नसतात.

कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढताना रेशमाचे वजन २० ते २५ टक्क्यांनी घटते. हा डिंक सगळीकडे सारखा निघाला नाही तर रंग सारखा बसत नाही. असे रेशीम ताण्यात आले की साडीभर उभी रेघ दिसते, आणि एका ताण्यावर दोन-तीन साड्या निघत असतील तर सगळ्यांवर तीच रेघ. दोष रंगाऱ्याच्या कढईतला, पण तो दिसतो विणकराच्या साडीत. आडव्या धाग्याच्या दोन लडी वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या असल्या तर जोडाच्या जागी पट्टा उठतो. जरीतल्या चांदीवर हवेतल्या गंधकाने काळपटपणा येतो. त्याला विणकर काय करणार? जर दिली कोणी, पारखली कोणी? फणीचा एखादा दात वाकला तर लांबपर्यंत रेषा पडते, आणि त्या वेळी फणी कोणी पुरवली हा प्रश्न उभा राहतो. रंगछटेचेही तसेच. दिवसाच्या उजेडात जुळणारे दोन रंग ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात; म्हणून मोठ्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत ठराविक प्रकाशाची पेटी ठेवतात. ज्या टेबलावर दुपारी खिडकीचा उजेड आणि संध्याकाळी पिवळा दिवा असतो, त्या टेबलावर सकाळची साडी आणि संध्याकाळची साडी एकाच न्यायाने तपासली गेली असे म्हणता येत नाही.

वजनाचा मुद्दा तर याहून नाजूक आहे, कारण तराजूवर सगळ्यांचाच विश्वास असतो. रेशीम हवेतला ओलावा शोषून घेते. प्रमाण हवेत, म्हणजे आपल्या देशातील मानकानुसार २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत, रेशमातला ओलावा कोरड्या वजनाच्या ११ टक्के धरतात. हिशेब साधा आहे. अगदी कोरडे केल्यावर ५०० ग्रॅम भरणारे रेशीम प्रमाण हवेत ५५५ ग्रॅम भरेल. हवा कोरडी होऊन ओलावा ८ टक्क्यांवर आला तर तेच रेशीम ५४० ग्रॅम. पंधरा ग्रॅमचा फरक पडला आणि एक धागाही कुठे गेला नाही. कावेरीच्या खोऱ्यात ऐन ईशान्य मोसमी पावसात, कार्तिकाच्या सुमारास, रेशीम तोलून द्यायचे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात साडी तोलून घ्यायची, तर तराजू विणकराला चोर ठरवणारच. ‘तूट’ या शब्दात जो आरोप दडलेला असतो, तो आरोप कित्येकदा हवेवर करायला हवा.

तयार कपड्यांच्या धंद्यात कापड तपासायची एक जगभर चालणारी रीत आहे. ‘चार गुणांची पद्धत’ या नावाने ती ओळखली जाते, आणि तिरुप्पूर, बंगळूर, मुंबईच्या निर्यात कारखान्यांत काम करणाऱ्या तपासनीसांना ती पाठ असते. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर एक दंडगुण. तीन ते सहा इंच, दोन. सहा ते नऊ इंच, तीन. नऊ इंचांच्या वर, चार. एका वारात चारांहून जास्त दंडगुण धरायचे नाहीत. सगळ्यांची बेरीज करून शंभर चौरस वारांमागे किती पडले ते काढायचे. साधारणपणे ४० पर्यंत ठाण पास होते, मग गिऱ्हाइकानुसार ही मर्यादा कमी-जास्त. या पद्धतीत एक मोठा गुण आहे आणि तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ती लेखी आहे, मोजता येते, आणि दोन माणसांनी तपासले तर उत्तर बरेचसे जुळते. तपासनिसाचा रागलोभ तिच्यात कमी चालतो.

म्हणून काही सुधारणावादी मंडळी सुचवतात, की हातमागाच्या साडीलाही हेच कोष्टक लावावे. ते करण्यापूर्वी एक गणित करून पाहावे. ब्लाउजपिसासह साडी सुमारे ६.२ मीटर, म्हणजे पावणेसात वार. पन्हा ४८ इंच. क्षेत्रफळ झाले सुमारे नऊ चौरस वार. तिच्यात दहा इंचांचा एकच दोष निघाला तर चार दंडगुण. नऊ चौरस वारांत चार, म्हणजे शंभर चौरस वारांत ४४. साडी नापास! शंभर वारांच्या ठाणात जो दोष सहज खपून जातो, तोच एकटा दोष साडीत सगळ्या साडीचा निकाल लावतो. शिवाय दोष पदरावर आहे की निऱ्यांच्या आत जाणाऱ्या भागात आहे, हे कोष्टक विचारीत नाही; आणि तो रंगाऱ्याचा, जरवाल्याचा की विणकराचा, हेही विचारीत नाही. ते विचारण्यासाठी ते बनलेलेच नाही. कापड विकत घेणारा आणि विकणारा यांच्यातल्या व्यवहाराचे ते माप आहे. ठाण परत करायचे की ठेवून घ्यायचे एवढेच त्याने ठरते. ते उचलून मजुरी कापायच्या कामाला लावणे म्हणजे धान्याच्या मापाने औषध मोजणे होय.

हा प्रश्न गिरणगावाला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचे खात्यातून कापड घडी खात्यात गेले, तिथे डाग निघाला, की खराब झालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करायची, ही वहिवाट एके काळी सर्रास होती. पगाराच्या दिवशी हातात रोख पैशांऐवजी डागाळलेले कापड घेऊन कामगार घरी जाई, आणि ते बाजारात पडेल भावाने विकत बसे. दंड आणि कपातीच्या या जाचाची दखल शाही कामगार आयोगाला १९३१ च्या अहवालात घ्यावी लागली, आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. त्या कायद्याने तीन गोष्टी पक्क्या केल्या. एक, नुकसानीपोटी होणारी कपात प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक असता कामा नये. दोन, ते नुकसान कामगाराच्या हयगयीने किंवा कसुरीने झालेले असले पाहिजे. तीन, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येणार नाही. हीच तत्त्वे २०१९ च्या वेतन संहितेत आली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. चार संहितांविरुद्ध कामगार चळवळीचे जे आक्षेप आहेत ते आहेतच. पण गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी कमावलेले हे तत्त्व पुसले गेलेले नाही, हे लक्षात ठेवून ते वापरले पाहिजे.

अडचण इथे आहे, की घरच्या मागावर दुसऱ्याच्या रेशमातून साडी विणणारा माणूस हा ‘नोकर’ आहे हे सिद्ध करता करताच त्याचा दम संपतो. मास्टर विणकर म्हणतो, तो स्वतंत्र कारागीर आहे. सहकारी सोसायटी म्हणते, तो तर आमचा सभासद, मालकच आहे. मग हा मालक टेबलाच्या पलीकडे का बसलेला नसतो?

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आमच्या कार्यकर्त्यांनी जवळ बाळगावेत. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात १९७३ साली नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांचा प्रश्न होता. काम पसंत नसेल तर नाकारायचा आणि पुन्हा शिवून मागायचा हक्क मालकाला आहे, यातच त्याचे नियंत्रण दिसून येते, असे न्यायालयाने म्हटले आणि ते शिंपी कामगारच ठरवले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या टेबलावर विणकराची साडी नापास होते, तेच टेबल तो स्वतंत्र कारागीर नसल्याचा पुरावा आहे!

दुसरा निकाल विडी कामगारांचा, मंगलोर गणेश विडी वर्क्सचा, १९७४ सालचा. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने संरक्षण दिले होते, आणि तो कायदा न्यायालयाने वैध ठरवला. सिन्नर, अहमदनगर, सोलापूरच्या आमच्या भगिनींना ‘छाट’ हा शब्द समजावून सांगायला नको. टोपलीतल्या विड्या चिवडून मूठभर बाजूला काढायच्या, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत आणि मागाहून त्याच विड्या बंडलात भरायच्या, हा तो खेळ. त्या कायद्यात असे स्पष्ट होते, की कच्चा माल किती दिला, विड्या का नाकारल्या, नाकारलेल्या विड्यांची मजुरी किती, या तिन्ही तंट्यांचा निकाल सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने झटपट द्यावा. महाराष्ट्राच्या नियमांत तर छाटीला साधारणपणे ५ टक्क्यांची मर्यादाच घातली होती. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. परंतु त्याने एक गोष्ट कायमची दाखवून दिली. घरी काम करणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराच्या मालाची तपासणी कायद्याच्या कक्षेत आणता येते. विडीच्या बाबतीत जे शक्य झाले ते साडीच्या बाबतीत अशक्य का असावे?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. युनियन म्हणजे दर्जाची वैरी, कामचुकारांची पाठराखण करणारी, असे चित्र रंगवले जाते. हातमागाच्या बाबतीत तरी उलट स्थिती आहे. दर्जा हीच विणकराची एकमेव ढाल आहे. १९८५ च्या आरक्षण कायद्याने साडीसह काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, तरी यंत्रमागावरची नक्कल बाजारात उघड विकली जाते. खरे रेशीम ओळखता यावे म्हणून २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आहे, हातमागाची ओळख म्हणून २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. ही चिन्हे टिकायची तर साडी निर्दोष असली पाहिजे आणि तपासणी कडक असली पाहिजे. आमची मागणी तपासणी सैल करा अशी मुळीच नाही. तपासणी रेशमापासून सुरू करा, अशी आमची मागणी आहे. विणकराच्या हाती दिलेले रेशीम, त्याचा रंग, त्यातली जर हे सारे त्याच टेबलावर, त्याच उजेडात, त्याच कडकपणे तपासले जात असेल, तर साडी तपासताना भांडण उरणारच नाही. आज कडकपणा फक्त साखळीच्या शेवटच्या कडीवर आहे, आणि ती कडीच सर्वांत बारीक आहे.

टेबलामागे बसलेला तपासनीस हाही बहुतेक वेळा पगारी नोकर असतो, हेही विसरू नये. दिवसभर डोळे ताणून तो कापड पाहतो. दुकानातून साडी परत आली तर बोल त्यालाच लागतो. म्हणून तो संशयाचा फायदा मालाला देतो, माणसाला देत नाही. त्याच्या हाती लेखी नियम आला, तर त्याचीही सुटका होईल. विणकर आणि तपासनीस एकमेकांचे शत्रू नाहीत. त्यांच्यात लेखी नियम नसणे हे ज्याच्या सोयीचे आहे तो तिसराच आहे.

‘मग सदोष साडीचा तोटा कोणी सोसायचा?’ असे सोसायटीचे पदाधिकारी विचारतात, आणि तो प्रश्न टाळण्याजोगा नाही. सोसायटी तोट्यात गेली तर विणकराचेच मरण आहे. उत्तर हे, की ज्याचा दोष त्याचा तोटा, आणि तोटा म्हणजे प्रत्यक्षात जो झाला तो. साडी दुय्यम प्रतीची म्हणून मजुरी कापली, आणि पुढे सणाच्या सवलतीत ती पहिल्या प्रतीच्याच भावाने विकली गेली, तर नुकसान झाले कुठे? त्या कपातीचा हिशेब विणकराला मागता आला पाहिजे. ज्या दोषाचे मूळ सापडत नाही, त्याचा भार एकट्या माणसावर न टाकता सोसायटीच्या सामाईक निधीवर टाकला पाहिजे. देशातील २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या खाली आढळले. अशा घरातून एका साडीची अर्धी मजुरी गेली, तर तो महिना सावकाराचा होतो.

यावर आमच्या मागण्या अशा आहेत. दोषांची यादी स्थानिक भाषेत छापून तपासणीच्या जागी लावावी. तीत हातमागाचा स्वाभाविक चढउतार कोणता आणि दोष कोणता हे नमुन्यासह दाखवावे. रेशीम, रंग आणि जर देतानाच तपासून विणकराच्या पुस्तकात नोंद व्हावी, आणि रंगाच्या लडीचा क्रमांक तीत असावा. रेशीम देताना व साडी घेताना ओलावा मोजून वजनाचा हिशेब प्रमाण ओलाव्यावर आणावा; त्यासाठी लागणारे यंत्र सोसायटीने सामाईक घ्यावे. साडी विणकराच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष, ठराविक उजेडात तपासावी. दोष, त्याची जागा, त्याचे कारण लेखी द्यावे. तक्रार आल्यास व्यवस्थापन, विणकर आणि हातमाग खाते यांच्या तिघांच्या समितीने ठराविक दिवसांत निकाल द्यावा, आणि तोवर पूर्ण मजुरी मिळावी. आणि कोणत्याही परिस्थितीत कपात प्रत्यक्ष नुकसानीच्या पुढे जाऊ नये.

या मागण्या कुंभकोणमपुरत्या नाहीत. येवल्याच्या पैठणी विणकराला, इचलकरंजी-भिवंडीत जॉबवर कापड विणणाऱ्या लहान यंत्रमागधारकाला आणि त्याच्या मेंडरला, घरी बसून कपड्यांना बटणे लावणाऱ्या शहरातल्या बाईला, सगळ्यांना हे टेबल ठाऊक आहे. आपापल्या गावच्या युनियनने या महिन्यात एक काम करावे. गेल्या वर्षात किती माल नापास ठरला, कोणत्या कारणाने, आणि किती मजुरी कापली गेली, याची सभासदांकडून नोंद घ्यावी. ही वही तयार झाली की बोलणी सुरू करता येतात. वहीशिवाय केलेली तक्रार टेबलापलीकडचा माणूस हसण्यावारी नेतो. मापाची पट्टी आजवर एकाच हातात राहिली. तिच्यावरच्या खुणा दोघांनी मिळून आखाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि ते मिळेपर्यंत गप्प बसायचे नाही, हा आमचा निर्धार आहे.